किरायाच्या घरात आधी काय बघायचं, जिम की हौद?

हौदवाला (सिडको, संभाजीनगर)
महिनाभरापासून घर शोधतोय. टू बीएचके, किराया दहा हजाराच्या आत. सतरा फ्लॅट बघून झाले. एजंट आधी गेटवरची चकचकीत पाटी दाखवतो, मग जिम, मग क्लब हाऊस नावाची एक खोली, जिच्यात गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या. मी विचारतो, हौद किती लिटरचा? तो असा बघतो जसं काही मी त्याच्या बहिणीची पत्रिका मागितली.

साधा हिशोब. १२ फ्लॅट, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर हे शहरासाठीचं सरकारी माप. रोजचे ६,४८० लिटर झाले. नळ सहा दिवसांनी आला (तेही नशीब म्हणायचं) तर जवळपास ३९,००० लिटरची साठवण पाहिजे. बहुतेक ठिकाणी खाली दहा हजाराचा हौद आणि स्लॅबवर दोन काळ्या टाक्या. बाकी बोअर आणि टँकर. बोअर मार्चपर्यंत साथ देतो. तिकडं पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडी भरलेलं असतं आणि इकडं आपण रात्री दोनला नळ आला म्हणून मोटार लावायला उठतो.

माझं म्हणणं एवढंच: किरायदारानं आधी पाणी बघावं, मग कूलर लावायला सावलीची खिडकी. जिम ही बिल्डरची हौस.

सेकंड शिफ्ट
काका, पाण्याला सुविधा म्हणणंच मला पटत नाही. भिंती आहेत का, हे कोणी जाहिरातीत लिहितं का? आपणच पाणी त्या यादीत टाकलं, म्हणून एजंट 'चोवीस तास पाणी' म्हणत किरायात हजार वाढवतो.

मी शेंद्र्याला कंपनीत आहे. शिफ्ट सुटते रात्री साडेअकराला, बस सिडकोत सोडेपर्यंत सव्वाबारा. मला काय हवंय? पार्किंगमध्ये चालू असलेला दिवा, लाईट गेली तरी जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडणारी लिफ्ट आणि दहाला कुलूप न लागणारं गेट. मागच्या घरमालकानं 'मुलींना देतो, पण वेळेत यायचं' असं सांगितलं होतं. त्याच्याकडं दुसरी चावी होती आणि मी नसताना तो 'गळती बघायला' येऊन जायचा. हौद तिथं मोठा होता बरं का!

आणि जिमला हसू नका. सकाळी रस्त्यावर पळायला गेलं की कुत्री मागं लागतात.

घरमालकच आहे मी
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

फ्लॅट ३८ लाखाला पडला. किराया साडेनऊ हजार. वर्षाचे १,१४,००० म्हणजे टक्के तीन. एवढं तर बँकेतल्या ठेवीवरही सुटतं, आणि ठेवीला कोणी ग्रिल कापून कूलर लावत नाही. आमच्या भिंतीला आलेली ओल बघायला या एकदा. एक कूलर दिवसाला पन्नास लिटर पितो, घरात असे दोन. मग टँकरची वर्गणी मागितली की ऐकावं लागतं, 'ते मेंटेनन्समध्येच नाही का?'

खरी अडचण वेगळी आहे. आमच्या बिल्डिंगीत १२ मालक, राहतात चार. बाकीचे पुण्यात, दोन दुबईत. मीटिंगला कोणी येत नाही आणि हौद वाढवायचा म्हटलं की व्हॉट्सअपवर अंगठा दाखवतात, पैसे दाखवत नाहीत. किरायदाराला तर मीटिंगला बोलवायचा रिवाजच नाही. मी एकट्यानं काय खोदू?

निलंग्याची आई
पोरगी अकरावीला, नीटची तयारी, म्हणून लातूरला दोन वर्षांसाठी रूम करून राहतोय. घरचे गावाकडं शेती बघतात. आमच्या बिल्डिंगीत निम्म्या घरांत अशाच आया आणि लेकरं आहेत.

हौदवाले भाऊ, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हा ज्यांचे हौद मोठे होते त्यांचे मोठे हौद कोरडे होते, एवढाच फरक. मांजरा धरण आटलं की हौदाचं माप विचारून उपयोग नाही. मी तर विचारते की बोअरचं पाणी किती खारं. पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचे, असं प्रमाण आहे. आमच्या गिझरची कॉईल चार महिन्यांत चुन्यासारखी पांढरी झाली. पिण्याला रोज वीस लिटरचा जार. आरओ बसवावा तर एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत जातं, ते जिवावर येतं.

दुसरं म्हणजे वरचा मजला घेऊ नका. स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तव्यासारखा. पोरगी जिन्यात बसून अभ्यास करते, तिथं जरा वारा लागतो. जिन्यातला दिवा मात्र नऊला बंद करतात, बिल येतं म्हणून.

काळा कोट
जिन्यातल्या दिव्यावरून आठवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २९. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई ह्या अत्यावश्यक सेवा आहेत, घरमालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाहीत. सेकंड शिफ्टताई, पाणी सुविधा नाही हे तुमचं म्हणणं कायद्यातही आहे.

पण मेख ऐका. आपल्यापैकी बहुतेकांकडं ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. म्हणजे कागदावर आपण भाडेकरू नाहीच, परवानाधारक. म्हणून टँकरची वर्गणी कोणाची, नळ नाही आला तर काय, दुसरी चावी कोणाकडं, हे सगळं करारातच लिहून घ्या. तोंडी 'बघू की' वर राहू नका. आणि करार नोंदवणं ही कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे (कलम ५५).

हौदवाला
ताई, चावीचा मुद्दा मान्य. मला तो सुचलाच नाही, कारण मला कोणी वेळेत यायला सांगितलं नाही कधी. जिमचं मात्र अजून पटत नाही. त्या खोलीचं भाडं शेवटी आपणच भरतो. तीच जागा खणून हौद केला असता तर?

निलंग्याच्या ताई, मांजरा आटलं तर कोणाचंच काही चालत नाही. पण २०१६ रोज येत नाही, सहाव्या दिवसाचा नळ मात्र दर आठवड्याला येतो. मी त्या आठवड्याबद्दल बोलतोय.

घरमालक, तुमच्या जाहिरातीत हौद किती लिटरचा लिहिलाय?

घरमालकच आहे मी
बिल्डरच्या कागदावर वीस हजार आहे, तेच मी लिहीत आलो. तुमचं वाचून आज वॉचमनला घेऊन झाकण उघडलं आणि टेप लावला. ८ फूट लांब, ६ रुंद, ७ खोल. पोरानं मोबाईलवर गुणून सांगितलं, साडेनऊ हजार लिटर.

किरायाएवढाच भरला. जाहिरात बदलतो.