मुखपृष्ठासाठी अक्कांना जुनी साडी का नेसवली?

शेंगाचटणी
आपल्या सोलापुरातल्या एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ बघितलं का? पूर्व भागातल्या विडी कामगार अक्का, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. फोटो देखणा आहे, वाद नाही. पण काढताना मी तिथंच होतो. अक्का मोरपंखी साडी नेसून, गजरा माळून तयार बसल्या होत्या. फोटोग्राफरनं साडी बदलायला लावली, "घरातली जुनी नेसा." मग गडी स्टुलावर चढला आणि वरून कॅमेरा रोखला, म्हणजे अक्कांनी मान वर करूनच बघायचं. ट्यूबलाइट बंद, दारातनं येणारा एका बाजूचा उजेड तेवढा ठेवला. अर्धा चेहरा काळोखात, सुरकुत्या दुप्पट. पन्नाशीची बाई सत्तरीची दिसते! याला अक्कांचा फोटो म्हणायचं?

स्टुडिओवाला
वीस वर्षं लग्नं कव्हर करतोय म्हणून बोलतो, न रचलेलं मुखपृष्ठ नसतंच. एस्क्वायर मासिकाच्या एप्रिल १९६८ च्या अंकावर मुहम्मद अली आहे. बॉक्सिंगची पांढरी चड्डी, हात पाठीमागे, मान कलती, अंगात बाण. धर्मासाठी बाण सोसलेल्या ख्रिस्ती संत सेबास्टियनच्या जुन्या चित्रांतली पोझ. बाण खोटे, पोझ उसनी. पण व्हिएतनाम युद्धाच्या वेळी लष्करात जायला नकार दिला म्हणून त्याचं विजेतेपद काढून घेतलं, ते खरंच ना? मोरपंखी साडीत अक्का लग्नाला निघाल्यासारख्या दिसल्या असत्या. आणि ट्यूबलाइटखाली सगळेच सपाट दिसतात, मी पण.

शेंगाचटणी
ती पोझ कशासाठी, हे अलीला माहीत होतं. अक्कांना कुणी सांगितलं? उजेडाचं म्हणाल तर टाइमचा २७ जून १९९४ चा अंक आठवा. खुनाच्या आरोपाखाली पकडलेला अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन, त्याचा पोलिसांनी काढलेला फोटो त्यांनी काळवंडून छापला. न्यूजवीकनं त्याच आठवड्यात तोच फोटो होता तसा छापला. अंक शेजारी शेजारी ठेवले की कळायचं, खटला चालण्याआधीच एकानं माणूस गुन्हेगार करून टाकलाय. कपडे तेच, पोझ तीच. टाइमला लोकांनी धारेवर धरलं ते उगीच नाही.

स्टुडिओवाला
तिथं छापताना केलं. इथं नुसतं दार उघडं ठेवलं. उन्हाला दोषी धरता का बे?

विडीवालीची लेक
माझी आई विड्या वळते, हजारामागे मजुरी. कारखान्यात माल द्यायला जाताना तोंडाला पावडर, अंगावर बरी साडी. घरी वळताना मात्र जुनीच, कारण तंबाखूची पूड पदराला बसते, वास धुऊन जात नाही. त्यामुळे जुनी साडी मला खोटी वाटली नाही. खटकले ते हात. मांडीवर सूप आणि दोन्ही हात गुडघ्यांवर गपगार! वळणारीचे हात असे नसतात हो. आई सीरियल बघते, शेजारणीशी बोलते, मला शिव्या देते, खाली बोटं चालूच. फोटोतल्या अक्का कुणी काही देईल म्हणून बसल्यासारख्या दिसतात. साडीवर भांडताय, हात कुणी बघितलेच नाहीत.

शेंगाचटणी
खरंय, माझ्याही नजरेतनं सुटलं. पण स्टुलाचं मी सोडणार नाही.

स्टुडिओवाला
एवढ्या कमी उजेडात चालते हात धूसर येतात, ताई. म्हणून थांबवले असतील.

विडीवालीची लेक
मग येऊ द्यायचे की धूसर. बरं, अंक अक्कांकडं पोचलाय का?

शेंगाचटणी
नाही अजून. उद्या माझीच प्रत नेऊन देतो.