सोन्याची लगड, डली, खडा की सरळ नगेट?

अर्धविराम
ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात हौसेनं सोनं शोधत फिरणाऱ्या लोकांवरचा एक लांबलचक लेख मराठीत आणतेय. सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर खांद्याला लावून झुडपांत शिरणारी माणसं. बरं चाललं होतं, पण नगेटपाशी, म्हणजे जमिनीत तयार सापडणाऱ्या सोन्याच्या तुकड्यापाशी, गाडं अडलं. मी बिनधास्त 'सोन्याची लगड' लिहून मोकळी झाले होते. सासऱ्यांनी हयातभर सोनारकाम केलंय. त्यांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "लगड जमिनीतून निघत नाही गं, मुशीतून निघते." झालं, सगळी लगड खोडली.

आता गोळा म्हणावं तर तोफेचा वाटतो, ढेकूळ मातीचं, खडा अंगठीतला. काय करू? शिवाय त्याच लेखात हॉट रॉक (मी 'तप्त खडक' केलंय, पण लेखातला माणूस तो उचलून खिशात टाकतो!), पॅनिंग (थाळीत वाळू धुऊन सोनं काढणं) आणि माइनर्स राइट (सोनं शोधायला लागणारा सरकारी कागद) हेही आहेत.

कोशकीटक
सासऱ्यांना नमस्कार सांगा. लगड म्हणजे ओतलेलं, आकार दिलेलं सोनं. नगेट त्याच्या बरोबर उलटं, निसर्गानं जसं घडवलं तसं. आणि यासाठी शब्द शोधायला दूर जायची गरजच नाही, 'जातरूप' आहे. जन्मतःच ज्याला रूप आहे ते. कौटिल्य सोन्याचे प्रकार सांगताना जातरूप, रसविद्ध आणि आकरोद्गत असे तीन वेगळे काढतो. म्हणजे आपोआप मिळालेलं, रसप्रक्रियेनं केलेलं आणि खाणीतून काढलेलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा भेद आज इंग्रजीतून उसना घ्यायचा?

तिरकी मात्रा
"काल त्याला झुडपात एक जातरूप सापडलं." वाचक समजेल की बाळ सापडलं.

कोशकीटक
हसा. वापरला नाही तर शब्द रुळणार कसा? 'महापौर'लाही लोक हसलेच असतील.

टिकाव
मी काही वर्षं त्या भागात डिटेक्टर फिरवलाय, म्हणून आधी हॉट रॉकचं सांगतो. तो तापलेला नसतो. तिकडच्या मातीत लोखंड भरपूर. डिटेक्टर आधी मातीशी जुळवून घ्यावा लागतो, म्हणजे मातीचा आवाज यंत्र गिळून टाकतं. पण मध्येच एखादा दगड असा येतो की त्यातलं लोहखनिज आजूबाजूच्या मातीच्या हिशेबात बसत नाही. यंत्र बोंबलतं. तुम्ही गुडघे टेकून खणता, हृदय धडधडतंय, आणि हातात येतो तांबूस-काळा दगड. खिशात टाकायचं कारणही तेच. तिथंच टाकला तर परतीच्या फेरीत पुन्हा फसवतो. माझ्या गाडीच्या डिकीत असे डबाभर होते.

'तप्त खडक' अजिबात नको. खडक तर मुळीच नको, मुठीत मावतो तो.

उंबरठा
मग 'चकवा'! चकवा दगड. रात्री वाट चुकवून माणसाला त्याच त्या जागी फिरवणारा.

टिकाव
वा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या कमी दिल्या असत्या.

अर्धविराम
चकवा दगड घेतला, आभार. नगेट?

खडीसाखर
नगेट हा शब्दच मुळात लगडीचा भाऊ आहे. इंग्रजीतल्या 'ॲन इंगट'मधला न पुढच्या शब्दाला चिकटला आणि 'निंगट', 'नगेट' झालं. आणि इंगट म्हणजे लगड! फ्रेंचमध्ये तर इंगटला आधीचा ल चिकटून 'लँगो' झालाय. लँगो, लगड. लगड, लँगो. मी काही म्हणत नाही, तुम्हीच बघा.

तिरकी मात्रा
बघितलं. 'लगबग'ही फ्रेंच असणार.

कोशकीटक
इंगटवरून नगेट ही व्युत्पत्ती जुनी आहे, पण ती एकमेव नाही. इंग्रजी बोलीत 'नग' म्हणजे ओबडधोबड गोळा, त्यावरूनही काढतात आणि मला ती जास्त पटते. लगड मात्र संस्कृत 'लगुड'वरून, म्हणजे काठी, दांडकं, असं माझं मत. लगडीचा लांबट आकार बघा. फ्रेंचांना यात आणू नका.

खडीसाखर
"माझं मत" हाच पुरावा असेल तर माझंही एक मत आहे.

उंबरठा
नगावर नग! आपल्याकडे 'नग' आहेच की. सोनाराकडे दागिन्याचा नग, आणि घरोघरी एक माणूस नग असतोच. "त्याला पावशेराचा नग सापडला." समजतंय.

टिकाव
नगात वजन येतं, आकार येत नाही. नगेटची ओळख आकारात असते. ओढ्यातून लोळत आलेलं गुळगुळीत, कडा घासलेलं. खडकातल्या मूळ शिरेजवळ सापडलेलं खडबडीत, काटेरी, कधी त्यात गारगोटीचे पांढरे तुकडे अडकलेले. जाणकार नुसतं बघून सांगतो की हे किती लांबून आलंय. आणि गारगोटीच जास्त असेल तर त्याला तिकडे नगेट म्हणत नाहीत, स्पेसिमेन म्हणतात. अर्धविराम, लेखात दोन्ही शब्द असतील तर एकच मराठी शब्द वापरू नका.

अर्धविराम
आहेत दोन्ही. अरे देवा.

भाबडा वाचक
मी 'डली' म्हणेन. गुळाची डली म्हणतात तशी सोन्याची डली.

कोशकीटक
डली हिंदीतून आलीय. 'सोने की डली.'

भाबडा वाचक
माझी आजी हिंदीचं एक अक्षर बोलत नव्हती आणि डली म्हणायची. आता तिला कुठून आणून तुमच्यासमोर उभी करू?

तिरकी मात्रा
माझा प्रश्न वजनाचा आहे. १८६९ साली व्हिक्टोरियातल्या मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर जो 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा नगेट सापडला, त्यात सत्तर किलोंच्या वर सोनं होतं. जवळच्या डनोली गावी नेला तर तोलायला एवढा काटाच नाही, म्हणून ऐरणीवर फोडावा लागला. त्याला 'डली' म्हणणार? आणि तांदळाच्या कणीएवढा असेल त्यालाही डलीच? इंग्रजीला दोन्हीकडे नगेट चालतं. मराठीत कणी, रवा, खडा, गोळा अशी उतरंड आहे आणि तीच वापरावी. एका शब्दाला एकच शब्द हवा हा हट्ट कशाला?

टिकाव
यावर माझं +१. १९८० मध्ये किंगोवरला डिटेक्टरवर सापडलेला 'हँड ऑफ फेथ' सत्तावीस किलोंचा. तो पुढे लास व्हेगासच्या ज्या कॅसिनोनं विकत घेतला त्याचं नावच 'गोल्डन नगेट'. तिथं कोशकीटक काय करणार, सुवर्ण जातरूप द्यूतगृह?

कोशकीटक
विशेषनामांचं भाषांतर मी करत नाही. थट्टेनं मुद्दा खोडला जात नाही. मेटल डिटेक्टरलाही तुम्ही मेटल डिटेक्टरच म्हणणार, धातुशोधक असताना.

टिकाव
धातुशोधक कोण, मी की यंत्र? "धातुशोधक झाडाखाली बसून डबा खात होता."

अर्धविराम
माइनर्स राइटला मी 'खाण परवाना' केलंय. तेवढं तरी बरोबर ना?

खडीसाखर
परवाना नको! त्या शब्दावरूनच तर रक्त सांडलं. खाणकऱ्यांना दर महिन्याला परवान्याचे पैसे भरावे लागायचे, सोनं लागो न लागो. १८५४ च्या नोव्हेंबरात बॅलरॅटला त्यांनी परवाने जाळले, डिसेंबरात तिथंच त्यांचा युरेकाचा उठाव झाला. त्यानंतर १८५५ मध्ये परवाना जाऊन त्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचा माइनर्स राइट आला. म्हणून त्यात 'राइट' आहे. आजही व्हिक्टोरियात हौशी माणसाला तोच कागद काढावा लागतो. तुम्ही परवाना लिहिलंत तर जाळलेलाच कागद त्यांच्या हातात परत दिलात. 'सनद' लिहा.

तिरकी मात्रा
सनद वरून मिळते, हक्क लढून. 'हक्कपत्र' बरं.

खडीसाखर
हक्कपत्र सरकारी वाटतं.

तिरकी मात्रा
सरकारीच आहे तो कागद.

उंबरठा
पॅनिंगकडे कुणी बघेल का? मला 'पाखडणे' सुचतंय.

भाबडा वाचक
पाखडणं कोरडं, सुपातलं. इथं पाणी आहे. पाण्यात गोल फिरवून हलकं वर आणायचं आणि खडे तळाशी ठेवायचे, त्याला 'रोळणे' म्हणतात. धान्य रोळतात तसं.

टिकाव
अगदी हेच! वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, सोनं एकोणीस पटींच्या वर. थाळी हलवत राहिलं की सोनं तळाला जातं, वाळू काठावरून वाहून जाते. शेवटी काळी रेती उरते, लोहाची, आणि तिच्या शेपटीला पिवळी रेघ. ती दिसली की माणूस पाठदुखी विसरतो. रोळणे पक्कं. फक्त धान्यात खडे टाकायचे असतात, इथं खडाच ठेवायचा.

कोशकीटक
रोळणे उत्तम, विनातक्रार. यात भर घालतो, सोनाराच्या दुकानातली राख आणि केर धुऊन सोनं काढणाऱ्याला 'झारेकरी' म्हणतात आणि वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची वाळू धुणारे 'सोनझारी'. हौशी प्रॉस्पेक्टरला, म्हणजे सोनं शोधत फिरणाऱ्याला, झारेकरी म्हणायला काय हरकत आहे?

अर्धविराम
हरकत सासऱ्यांनी घेतली, आत्ताच विचारलं. झारेकऱ्याला सोनं कुठं आहे हे माहीत असतं, म्हणाले. दुकान ठरलेलं असतं, राख ठरलेली असते. हा माणूस तर रानात फिरतोय आणि शंभरदा खिळे निघतात.

कोशकीटक
हा मुद्दा बिनतोड आहे, कबूल. मग 'सोनशोध्या'?

तिरकी मात्रा
'जातरूप'वाल्यांच्या तोंडी 'शोध्या'! आजचा दिवस लिहून ठेवा.

भाबडा वाचक
बाय द वे, ज्यात रोळतात ती 'रोळी', 'रोवळी' नव्हे. वरच्या एका सदस्यानं मला निरोपात दुरुस्त केलंय म्हणून सांगतो.

उंबरठा
मीच तो सदस्य. आमच्याकडे रोवळीच.

भाबडा वाचक
तुमच्याकडे असेल. क्रियापद काय मग, 'रोवळणे'?

उंबरठा
हो. रोवळणे. तुम्हाला काय खटकतंय त्यात?

अर्धविराम
लोकहो, नगेट...

खडीसाखर
रोवळीत व आधीपासूनचा की नंतर घुसला, यावर मला थोडं सांगायचंय.