मदत हवी आहे: सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग, कोणता नियम लावायचा?

मुळशीचा_गावकरी
विहिरीच्या वर टेकाडावर २ एकरांत प्लॉटिंग पडलंय. दीड-दीड गुंठ्याचे ४० प्लॉट, प्रत्येकाचा बोअर वेगळा, शोषखड्डा वेगळा. ५०० मीटरचा नियम आहे ना? सोमवारी ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा असेल तर लगेच टाका.

नकाशेवाला
गाव पीएमआरडीएत (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) की महापालिकेत? लेआउट, म्हणजे प्लॉट पाडायचा नकाशा, मंजूर आहे का? विहिरीपासून अंतर किती? काहीच लिहिलं नाहीत. ५०० मीटर हा नवी विहीर-बोअर खोदण्याबद्दलचा नियम, तोही १९९३ च्या भूजल कायद्यात एकाच पाणलोटापुरता. त्या जागी २००९ चा कायदा आला, २०१४ पासून लागू. शोषखड्डा ५०० मीटरच्या नियमात बसत नाही.

टीडीएस_काका
टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०० च्या वर आहे का? असेल तर गावात आरओचं एटीएम बसवा, विषय संपला.

मांजऱ्या
काका, आरओ कोणी विचारलाय? मैलापाणी शिरल्यावर टीडीएस फारसा हलत नाही. तपासायचं नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिग्रॅ) आणि ई-कोलाय हा मैल्यातला जंतू (१०० मिलीत शून्य हवा). नमुना निर्जंतुक बाटलीत, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकण्याआधी घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. घरं उठायच्या आतला अहवाल हाती हवा, नाहीतर पुढे "आधीपासून असंच होतं" हे ऐकावं लागेल.

आता खडक. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब, असं मानक सांगतं. पण ते मातीसाठी. आपल्याकडे मुरमाखाली मांजऱ्या खडक (बुडबुड्यांच्या खुणांचा बसाल्ट) लागतो आणि त्याच्या भेगांतून पाणी सरळ उताराला धावतं, गाळणी होतच नाही. त्यात बोअरचा केसिंग पाइप घट्ट खडकात नीट बसवला नसेल, तर वरचं घाण पाणी पाइपाच्या कडेनं थेट खाली.

छतावरचं_पाणी
सगळ्यांना पुनर्भरण सक्तीचं करा! १००० चौ. फूट छत, ७०० मिमी पाऊस, म्हणजे ६५ हजार लिटर. थेट बोअरमध्ये सोडायचं.

मांजऱ्या
८० टक्केच हाती येतं, ५२ हजार धरा. आणि थेट बोअरमध्ये? पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय नाही, वाळू-खडीची गाळणी नाही, शेजारी ४० शोषखड्डे. त्यापेक्षा न केलेलं बरं.

छतावरचं_पाणी
गाळणी मी गृहीतच धरली होती.

नकाशेवाला
धागाकर्ते, मसुदा मागताय, पण ग्रामसभेचा ठराव म्हणजे बांधकामबंदी नव्हे. परवानगी देणाऱ्याकडे अटी मागायच्या. लेआउट मंजुरीला असेल तर तीन अटी: ४० शोषखड्ड्यांऐवजी एकच मैलापाणी शुद्धीकरण, तेही विहिरीच्या उताराखाली, सगळ्यांना मिळून एकच बोअर, आणि ४००० चौ. मीटरच्या वरच्या भूखंडाला जी १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते (तुमच्या २ एकरांत सुमारे ८१० चौ. मी.), ती कोपऱ्यात न ढकलता पाणी मुरतं तिथेच. मोकळी म्हणजे मोकळी, पेव्हर ब्लॉक नकोत.

मुळशीचा_गावकरी
लेआउट-बिआउट काही नाही. संमतीपत्रावर विकतायत. गाव पीएमआरडीएत.

नकाशेवाला
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! मंजुरीच नाही तर अटी लावणार कशाला? मग पीएमआरडीएकडे अनधिकृत विकासाची तक्रार, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली नोटीस मागा. प्रत तहसीलदारांना. गट नंबर, सातबारा, तारीख दिसेल असे फोटो जोडा. ठरावात एवढंच लिहा.

टीडीएस_काका
अवांतर: सोसायटीच्या टाकीत टीसीएल किती टाकावं?

मांजऱ्या
नळाला ०.२ मिग्रॅ क्लोरीन उरेल इतकं. वेगळा धागा काढा, काका.

गावकरी, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे अर्ज करण्याआधी एक बघा. पाणी खाली गेलेलं असताना विहिरीत झरा कुठल्या अंगाने आणि किती फुटांवर लागतो? झऱ्याच्या वरच्या बाजूला लाल मातीचा, गेरूसारखा थर आहे का? तो सलग असेल तर वरचं पाणी अडतं. तोच बोअरने भोसकला तर ते खाली उतरतं.

मुळशीचा_गावकरी
झरा ईशान्येला, २२ फुटांवर. प्लॉटिंगही ईशान्येलाच. लाल थर आहे, हातभर. बोअरची गाडी आजच वर आली आहे.

नकाशेवाला
सोमवारची वाट बघू नका. फोटो काढा, आत्ता.