स्टार्टरच्या पेटीतलं 2जी: 3जी गेलं, मग हे अजून चालू कसं?

विहिरीकाठ
5 एचपीच्या थ्री फेज मोटरला मोबाईल स्टार्टर आहे, म्हणजे त्यातल्या सिमवर कॉल करून बटण दाबलं की मोटर चालू-बंद होते. जुनं कार्ड घातलं की कधी कॉल लागतो, कधी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. दुसऱ्या कंपनीचं नवं कार्ड फोनमध्ये नीट चालतं, पण स्टार्टरमध्ये दिवा नुसता भरभर लुकलुकतो. दुकानदार सांगतो, 2जी बंद झालं, 4जी स्टार्टर घ्या. खरंच बंद झालंय का? आणि नंतर आलेलं 3जी गेलं नि आधीचं 2जी राहिलं, हे कसं?

तरंग
नवं कार्ड जिओचं असेल तर ते या स्टार्टरमध्ये कधीच चालणार नाही. जिओने 2016 मध्ये थेट 4जीच उभारलं. त्यांच्याकडे 2जी नाही, 3जीही नाही, आवाजसुद्धा व्होल्टीने म्हणजे डेटाच्या पाकिटांतून जातो. तुमच्या स्टार्टरमध्ये बहुधा सिम800 किंवा सिम900 जातीचं मॉड्यूल, म्हणजे टॉवरशी बोलणारा छोटा बोर्ड, असेल. त्याला फक्त 2जी कळतं. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं 2जी अजून चालू आहे.

3जी का गेलं, याचं उत्तर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कंपनीकडच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात, आहे. 3जीच्या एका वाहक लहरीला 5 मेगाहर्ट्झ लागतात आणि तेवढ्याच पट्ट्यात 4जी जास्त डेटा वाहून नेतं. त्यामुळे एअरटेलने 2020 च्या सुमारास 3जी काढून ती जागा 4जीला दिली. 2जीची वाहक लहर फक्त 200 किलोहर्ट्झची, आणि तीत 8 जणांची बोलणी वेळ वाटून बसतात. म्हणजे ते चालू ठेवायला थोडी जागा पुरते आणि साधे बटणांचे फोन, कार्ड स्वाइपची जुनी यंत्रं, पंपाचे स्टार्टर त्यावर जगतात. 3जीच्या फोनला मात्र 3जी गेलं तरी 2जीवर उतरता येतं, म्हणून 3जी आधी काढणं सोपं होतं.

सोल्डर
दुकानदाराचं लगेच ऐकू नका. जुनं कार्ड अधूनमधून लागतंय म्हणजे तिथे 2जी आहे. अशा वेळी पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्या.

रेंज कमी असली की 900 मेगाहर्ट्झवर मॉड्यूल 2 वॅटपर्यंत जोर लावतं आणि दर 4.6 मिलिसेकंदांनी 577 मायक्रोसेकंद जवळपास 2 अँपिअर ओढतं. पुरवठा त्या क्षणी 3.4 व्होल्टच्या खाली गेला की मॉड्यूल रिसेट होतं आणि पुन्हा टॉवर शोधत बसतं. मल्टिमीटर हा खड्डा दाखवत नाही, तो 4 व्होल्टच दाखवत राहतो. मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या पायाशी अगदी जवळ 1000 मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. बॅकअपचा सेल फुगला असेल तर बदला. पेटी उघडण्याआधी मेन पाडा आणि टेस्टरने तिन्ही फेज तपासा.

दिवा सेकंदाला साधारण एकदा लुकलुकला तर टॉवर सापडलेला नाही, 3 सेकंदांनी एकदा लुकलुकला तर सापडलाय. अँटेना पत्र्याच्या पेटीत असेल तर बाहेर काढा. वायर लांब नको, बारीक आरजी174 वायरमध्ये 900 मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण 1 डेसिबल जातं.

तरंग
सोल्डर यांचं बरोबर, आधी दुरुस्तीच. पण नवा घ्यायची वेळ आली तर 2जीवाला घेऊ नका, ते किती वर्षं चालेल हे कंपन्यांच्या हातात आहे. 4जी घेताना तीन गोष्टी विचारा: व्होल्टी आहे का (काही मॉड्यूल फक्त डेटाची असतात, कॉल घेतच नाहीत), 2जीवर उतरता येतं का, आणि बँड (लहरींचे ठरलेले पट्टे) कोणते. 3, 5, 8 आणि 40 हवेतच. बीएसएनएलचं 4जी वापरायचं तर 28 पण हवा, खेड्यात त्यांचा 700 मेगाहर्ट्झ तोच. दुकानातच कार्ड घालून कॉल लावा आणि 1-2 दाबून रिले (मोटर चालू-बंद करणारा आतला स्विच) टकटकतो का ऐका. व्होल्टीवर बटणांचे सूर नीट न ओळखणारे स्टार्टरही मिळतात.

विहिरीकाठ
कार्ड जिओचंच आहे. अँटेना पेटीच्या आतच चिकटवलेली आहे. ती बाहेर काढायची आणि कपॅसिटर लावायचा, दोन्ही एकदम करू का?

सोल्डर
आधी अँटेना, मग रात्रपाळीच्या विजेवर एक रात्र चालवून बघा. त्यानंतरही कॉल तुटला तर कपॅसिटर. दोन्ही एकदम केलं तर नेमकं बिघडलं काय होतं ते कळणार नाही.