बंडखोरांशी बोलणी चालू असताना विरोधी पक्षांना सोबत कसं ठेवायचं?

वाटसरू
सरकार सशस्त्र गटाशी बोलणी सुरू करतं, विरोधी पक्ष 'देश विकला' म्हणून रान उठवतात, आणि सरकार बदललं की सगळं मुसळ केरात. लढाई थांबलेली नसतानाच प्रतिस्पर्धी पक्षांना यात कसं आणतात? टेबलावर कोण बसतं, निर्णय कसा होतो, असं नेमकं हवं आहे. शिवाय गुप्ततेचं काय? मसुदा विरोधकांना दाखवला की दुसऱ्या दिवशी पेपरात.

तळटीप
आधी पक्षापक्षांतला करार, मग बंडखोरांशी. श्रीलंकेत हे अर्धवट झालं. एप्रिल १९९७ मध्ये ब्रिटिश मंत्री लियाम फॉक्स यांच्या मध्यस्थीने राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा आणि विरोधी पक्षनेते रानिल विक्रमसिंघे यांच्यात ठरलं, की तमिळ बंडखोर संघटना एलटीटीईशी होणाऱ्या बोलण्यांची माहिती एकमेकांना द्यायची आणि सत्तेवर असलेल्याच्या प्रयत्नांत खोडा घालायचा नाही. पुढे फेब्रुवारी २००२ चा युद्धविराम पंतप्रधान विक्रमसिंघे यांनी केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष चंद्रिकाच होत्या, आणि आपल्याला विश्वासात घेतलं नाही ही त्यांची तक्रार राहिली. नोव्हेंबर २००३ मध्ये पंतप्रधान परदेशात असताना त्यांनी संरक्षण, गृह आणि माध्यमं ही तिन्ही खाती काढून घेतली. बोलणी अडकली ती अडकलीच.

म्हणून आंतरपक्षीय करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: विरोधी पक्षनेत्याला किती दिवसांनी आणि कोण माहिती देणार, प्रचारात कोणते मुद्दे आणायचे नाहीत, आणि सरकार बदललं तर वाटाघाटींचं दप्तर कोणाकडे जाणार. दप्तर सांभाळणारं सचिवालय एका पक्षाच्या कार्यालयात असेल तर पुढचं सरकार ते पहिल्याच आठवड्यात बंद करतं.

सहमती
जागांबद्दल उत्तर आयर्लंडचं १९९६ चं सूत्र बघा. बोलण्यांना कोण बसणार हे ठरवणाऱ्या ३० मेच्या निवडणुकीत १८ मतदारसंघांतून प्रत्येकी ५, आणि सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या १० पक्षांना वर प्रत्येकी २ जागा. त्या दोन जागांमुळे सशस्त्र गटांशी जवळीक असलेले छोटे पक्ष आणि जेमतेम एक टक्का मतं मिळालेला महिलांचा पक्ष विमेन्स कोअलिशनही आत आला. बंदुका ज्यांचं ऐकतात ते पक्ष मतांनी लहान असतात. निव्वळ मतांवर जागा दिल्या तर नेमके तेच बाहेर राहतात.

निर्णयासाठी एकमताची अट कधीच घालू नका, कारण मग सगळ्यात हट्टी पक्षाच्या हातात नकाराधिकार जातो. तिथे 'पुरेशी सहमती' चालायची, म्हणजे दोन्ही समाजांत, ब्रिटनसोबत राहू पाहणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडशी जोडलं जाऊ पाहणारे नॅशनलिस्ट यांच्यात, स्वतंत्रपणे बहुमत. १९९७ मध्ये आयआरए या सशस्त्र गटाशी जोडलेला शिन फेन आत येणार म्हणून डीयूपी हा कट्टर युनियनिस्ट पक्ष बाहेर पडला, तरी बोलणी चालली, कारण युनियनिस्ट मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं आत उरलेल्या पक्षांकडे होती.

गावगाडा
सहमतींच्या मुद्द्याला पुरवणी. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपवण्याच्या बोलण्यांतही 'पुरेशी सहमती' होती, पण तिथे प्रत्यक्षात एएनसी (मंडेला यांचा पक्ष) आणि सरकार यांचं जुळलं की झालं. १९९३ मध्ये इंकाथा हा झुलू समाजातला पक्ष त्यावरूनच बाहेर पडला आणि निवडणुकीच्या जेमतेम आठवडाभर आधी परतला. तोवर मतपत्रिका छापून तयार होत्या, त्यामुळे त्यांच्या नावाची चिकटपट्टी तळाशी लावावी लागली. बाहेर पडलेल्यासाठी दार उघडं ठेवायचं ते इतकं.

मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या १४ सप्टेंबर १९९१ च्या राष्ट्रीय शांतता करारातल्या स्थानिक समित्या. पक्ष, पोलीस, चर्च, व्यापारी एकत्र बसत. काम छोटं आणि ठोस: मोर्चाचा मार्ग आधी कळवणं, शस्त्रं आणू न देणं, अफवा तपासणं. हिंसा थांबली नाही, हे मान्यच. पण जून १९९२ च्या बोईपाटोंग हत्याकांडानंतर एएनसीने वरची बोलणी सोडली, तरी ही खालची चौकट उभी राहिली.

वाटसरू
आणि गुप्तता?

तळटीप
दोन कप्पे करा. तत्त्वं, म्हणजे शिक्षा, जमीन, राजकीय सहभाग यांवरच्या भूमिका, सगळ्या पक्षांना दाखवायच्या. सैन्याच्या हालचाली, छावण्यांची ठिकाणं, मध्यस्थांची नावं मात्र नाहीत. प्रत्येक पक्षाचा एकच प्रतिनिधी आणि एक बदली. मसुदा खोलीतच वाचायचा, प्रतीवर क्रमांक, फोन बाहेर.

तरी थोडं फुटणारच. पण सगळं शेवटपर्यंत झाकून ठेवणं त्याहून महाग पडतं. कोलंबियात माजी राष्ट्राध्यक्ष उरिबे यांचा पक्ष फार्क बंडखोरांशी हवानात झालेल्या वाटाघाटींबाहेर राहिला, आणि २ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात करार ५४ हजारांहून कमी मतांनी पडला. मग विरोधकांच्या बऱ्याच सूचना घेऊन नोव्हेंबरात नव्याने सही करावी लागली. त्या सूचना मागवायची वेळ सार्वमताआधीची होती.