क्रूझवर हिरमोड झालेल्यांनो, इथे लिहा

"क्रूझ कशी झाली?" विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "मस्त!" म्हणून सांगितलं. फोटोही तसेच टाकले. इथे खरं सांगते, तुम्हीही सांगा.

सात रात्री, चार बंदरं. ज्या बेटासाठी ही सफर निवडली तिथे पाणी उथळ, म्हणून जहाज लांब नांगर टाकून थांबतं आणि लोकांना छोट्या टेंडर बोटींनी नेतात. आमचा गट चौदावा. टोप्या घालून, सनस्क्रीन फासून दीड तास जिन्यात उभे. मग घोषणा झाली: लाटा मोठ्या आहेत, टेंडर रद्द. बेट इतकं जवळ, की एका गच्चीवर वाळत घातलेली पांढरी चादर दिसत होती. जहाज वळेपर्यंत मी त्या चादरीकडेच बघत होते. भांडायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने तिकिटाच्या अटी पुढे केल्या. हवामानामुळे बंदर गाळायचा हक्क त्यांचा! परत मिळालं ते फक्त बंदराचं शुल्क.

*

आम्ही स्वस्तात 'गॅरंटी' केबिन घेतली. गॅरंटी कशाची, तर केबिन मिळेल एवढ्याचीच. कुठली, ते कंपनी ठरवणार. मिळाली ती स्विमिंग पूलच्या डेकच्या बरोब्बर खाली. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात.

*

तुम्हाला निदान आवाज तरी मिळाला. आमच्या खिडकीत समुद्राऐवजी केशरी लाइफबोट. बुकिंगमध्ये 'दृश्य अंशतः झाकलेलं' असं लिहिलं होतं म्हणे. अंशतः! पूर्वी सुरक्षा कवायत प्रवासी जहाजावर चढल्यानंतर २४ तासांत घेतली तरी चालायची. २०१२ मध्ये इटलीजवळ झालेल्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर ती जहाज निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या घ्यावी लागते. त्यामुळे आपली लाइफबोट कुठली ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. खिडकीतली नव्हती.

*

मला बोट लागली. हौसेने सगळ्यात वरची, अगदी पुढची केबिन घेतली होती. जहाज म्हणजे सी-सॉ, टोकं वरखाली होतात, मधला भाग त्या मानाने स्थिर. हे मला तिसऱ्या दिवशी, बाथरूमच्या फरशीवर बसून समजलं. "जहाजाला स्टॅबिलायझर असतात," असं एजंट म्हणाला होता. असतात, पण ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. पुढून-मागून होणाऱ्या झोक्यांवर त्यांचा फारसा उपयोग नाही.

*

जुलाब-उलट्या. नोरोव्हायरस. दोन दिवस केबिनमध्ये कोंडलेले, दाराबाहेर ताट ठेवून टकटक करून माणूस पळायचा. जेवणाच्या हॉलच्या दारात सॅनिटायझरचा फवारा घेऊन भिजायचो, पण या विषाणूवर तो नीट चालत नाही. साबण लावून हात धुणंच खरं. बेसिनपाशी मात्र कधीच रांग नव्हती.

*

फोन फ्लाइट मोडवर टाकायला विसरलो. भर समुद्रात तो जहाजाच्याच नेटवर्कला चिकटला. बिलाचा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही.

*

आमची सहल तशी बरी झाली, पण शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी थेट धक्क्यावरच मिळतात. आमच्या अहोंनी शिस्तीत सगळं भरलं आणि बॅग बाहेर ठेवली. सकाळी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझी पँट कुठाय?"

जहाजावरून उतरले ते लेकाच्या बर्म्युडात. चेनही लागत नव्हती.