शब्द हवाय: 'श्रमशक्ती सहभाग दर', आणि 'घरीच असते' चं काय करायचं?

बचत गटातल्या बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहितेय, त्यात लेबर फोर्स पार्टिसिपेशन रेटला शब्द हवाय. सरकारी मराठीत श्रमशक्ती सहभाग दर किंवा श्रमबल सहभाग दर असं असतं, चूक काहीच नाही त्यात, पण गटात वाचून दाखवलं तर कुणालाच काही लागलं नाही. अर्थ खरं तर सरळ आहे, पंधरा वर्षांच्या पुढच्या शंभर जणींत किती जणी काम करतात किंवा काम शोधतात. शोधणारी पण यात धरतात हे बरेच जण विसरतात. देशाचा आकडा सरकारी पाहणीत (पीएलएफएस) 2017-18 ला 23.3 टक्के होता, 2023-24 ला 41.7 झाला, आणि वाढ बरीचशी खेड्यातली, 24.6 वरून 47.6, शहरात 20.4 वरून 28 एवढीच.

पण माझा खरा प्रश्न दुसऱ्या शब्दावर आहे. गटातल्या एकीला विचारलं काम करता का, तर म्हणाली नाय ओ, घरीच असते. पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालून आली होती ती. पाहणीच्या हिशेबात घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बाई 21 नंबरच्या कोडात जाते आणि ती श्रमशक्तीत धरतात. फक्त घरकाम करणारी 92 मध्ये, घरकाम करून सरपण-चारा गोळा करणारी, घरच्यापुरतं शिवणटिपण करणारी 93 मध्ये, आणि या दोघी श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे विचारणाऱ्याने 'घरीच असते' ऐकून पुढं काही विचारलंच नाही तर ही म्हशीवाली सरळ 92 मध्ये जाणार. एका शब्दाने माणूस मोजणीतून जातं हे मला फार लागलं.

प्रतिसाद:
'सहभाग' शब्दच मला खटकतो, वक्तृत्व स्पर्धेत सहभाग घेतल्यासारखा वाटतो. 'काम करणाऱ्या नि काम मागणाऱ्या बायांचं प्रमाण' असं लिहा, लांब आहे पण कळतं. 'काम मागणं' आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे, 1972 च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर 'मागेल त्याला काम' ऐकतोय. घोषणेत 'त्याला' आहे पण खडी फोडायला, माती टाकायला बायाच किती होत्या ते आमच्या आईने बघितलंय, ती स्वतः त्यात होती.

प्रतिसाद:
बीडकडचा आहे म्हणून एक शब्द देतो, कोयता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीची पण पैसे मोजून घेतो नवरा. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, परत खोपीवर येऊन भाकरी थापते. एक दिवस पाळीमुळं किंवा आजारानं नाही गेली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापतात. म्हणजे काम धरलंय, खाडा पण धरलाय, फक्त तिचं वेगळं नाव कुठं नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या प्रकरणात सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, त्यात खाड्याची भीती केवढी मोठी ते तिकडच्या कुणालाही विचारा. तुमच्या पत्रकात कोयता नक्की घ्या.

प्रतिसाद:
आमच्या सांगलीकडं भांगलणीला बाया सावडीनं जातात, आज माझ्या रानात उद्या तुझ्या. रोकड पैसा हातात येतच नाही म्हणून ती कामाला गेली होती असं कुणी म्हणत नाही, सावडीला गेली होती म्हणतात. आणि पैशानं गेली तरी गड्याचा रोज वेगळा, बाईचा रोज वेगळा, समान वेतनाचा कायदा 1976 लाच आला तरी शिवारात हे दोन दर अजून सर्रास बोलतात. अजून एक, ज्या शब्दात मोल आहे तो मोलकरीण शब्द आपण हलका करून टाकला. मोलानं काम करणारी, एवढाच त्याचा अर्थ. 2008 च्या कायद्यात घरेलू कामगार आलं ते बरं झालं, पण मूळ शब्दानं कुणाचं काय वाईट केलं होतं?

मूळ लिहिणारी:
खूप आभार, कोयता आणि सावड दोन्ही घेतेय. 'काम मागणाऱ्या' पण घेतला. 1991 च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामसुद्धा धरा असं मुद्दाम घातलं होतं, कारण आधी तेच सुटत होतं. तर मी पण 'काम करता का' हा प्रश्न काढून टाकला आणि 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं' असा घातला. परवा विचारून बघितला, त्याच म्हशीवाल्या ताई दहा मिनिटं सांगत होत्या, शेवटी म्हणाल्या, लिवा की मग, एवढं सगळं लिवा.

विदर्भात, कोकणात 'घरीच असते' ला काय म्हणतात ते कुणी सांगेल का? आणि सावडीला तिकडं कोणता शब्द आहे?